कदाचित बसत नाही

माणसाला वेदनेपेक्षा अनिश्चितता जास्त दुखते, आणि अनिश्चिततेवर अद्याप गोळी निघालेली नाही. ही उणीव भरून काढण्याचं महत्त्वाचं सामाजिक कार्य वर्तमानपत्रं करतात, आणि वर्तमानपत्रांमध्ये आरोग्याचं पान करतं. मी या पानाची उपसंपादक आहे. दर मंगळवारी हे पान राशिभविष्याच्या शेजारी प्रसिद्ध होतं. (दोन्हींत फारसा फरक नाही असं काही वाचक कळवतात. तसं नाही. भविष्य लिहिणारे गृहस्थ 'संभव आहे' असं लिहितात. आम्हाला तेवढी जागा नसते.)

या पदासाठीची माझी पात्रता सांगते, म्हणजे गैरसमज नको. विज्ञान शाखेला प्रवेश मिळाला नाही म्हणून मी भाषा विषय घेतला, आणि भाषा घेतलेली एकमेव व्यक्ती म्हणून मला विज्ञानाचं पान मिळालं. तेव्हापासून मी मानवजातीला कॉफी पाजली आहे, सोडायला लावली आहे आणि पुन्हा पाजली आहे. अंड्याच्या पिवळ्या भागाबद्दल मी इतक्या वेळा मत बदललं आहे की अंडं दिसलं की मलाच ओशाळल्यासारखं होतं.

पानाची कार्यपद्धती अत्यंत शास्त्रशुद्ध आहे. जगात कुठंतरी काही विद्वान मंडळी हजारो बायकांच्या मागे वर्षानुवर्षं लागतात आणि त्यांना विचारतात, की तुम्ही गुडघ्यासाठी, कंबरेसाठी, डोक्यासाठी त्या सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या घेता का, किती घेता, आणि पुढे तुम्हाला काय काय झालं. त्यातून एक जाडजूड निबंध होतो. वृत्तसंस्था त्याचं एक पान करते. मी त्या पानाचा एक स्तंभ करते. आणि स्तंभाचं शीर्षक पट्टीभाऊ करतात.

पट्टीभाऊ म्हणजे आमच्याकडे पानांची मांडणी करणारे ज्येष्ठ सहकारी. संगणक येऊन जमाना झाला, पण त्यांच्या हातातली लोखंडी पट्टी काही सुटली नाही. ते पडद्यालाच पट्टी लावून मोजतात. आरोग्याच्या पानाचं शीर्षक एका ओळीत, चार शब्दांत बसलं पाहिजे, हा त्यांचा नियम. विज्ञानात मतभेद असतील, पट्टीत नसतात.

तर एका मंगळवारी त्या वेदनाशामक गोळ्यांचा अभ्यास आला. निष्कर्ष असा होता, की या गोळ्या दीर्घकाळ नियमित घेणाऱ्या काही गटांतल्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण कदाचित किंचित कमी आढळतं. मात्र हे गोळीमुळेच घडतं असं म्हणता येत नाही, आणि अधिक संशोधनाची गरज आहे. मी इमानेइतबारे शीर्षक दिलं. पट्टीभाऊंनी पट्टी लावली आणि मान हलवली.

"बाई, 'कदाचित' बसत नाही."

"अहो, सगळा अभ्यास त्या 'कदाचित'वर उभा आहे."

"असेल. पण बसत नाही. फोटो कापू का?"

फोटो कापणं शक्य नव्हतं. आरोग्याच्या पानाचा फोटो ठरलेला आहे: पांढऱ्या कपड्यांतली एक बाई, एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हातात गोळी, आणि चेहऱ्यावर हसू. गोळी चांगली असली तरी ती हसते, वाईट असली तरी हसते. तिचा आमच्या पानावर माझ्यापेक्षा जास्त अधिकार आहे. तेव्हा 'कदाचित' गेलं. मग 'किंचित' गेलं, 'काही' गेलं. उरलेलं घेऊन मी संपादकसाहेबांकडे गेले. साहेबांनी 'स्तन' या शब्दावर पेन्सिल टेकवली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लोक सकाळी घरच्यांबरोबर बसून पेपर वाचतात हो." साहेबांना तीन मुली आहेत. तो शब्दही गेला. मग जे छापून आलं ते असं: 'वेदनाशामक गोळीने कर्करोग टळतो'. चार शब्द, एक ओळ. पट्टीभाऊंनी पट्टी खाली ठेवली आणि म्हणाले, "आता कसं मोकळं मोकळं वाटतंय."

'अधिक संशोधनाची गरज आहे' हे वाक्य मजकुराच्या शेवटी होतं. ते गादीच्या जाहिरातीखाली गेलं.

माझ्या कामाचे परिणाम बघायला मला फार लांब जावं लागत नाही, कारण माझ्या सासूबाई माझं पान वाचतात. भिंग घेऊन, वरपासून खालपर्यंत, अगदी छपाईच्या पत्त्यासकट. सूनबाईनं लिहिलंय म्हणजे खरंच असणार, असं मानणारी जगातली ही एकमेव सासू माझ्या वाट्याला यावी, हा माझ्यावरचा अन्याय आहे असं मी पूर्वी गमतीनं म्हणायचे. सासूबाईंचे गुडघे जुने. डॉक्टरबाईंनी त्यांना ती गोळी फार दुखलं तर घ्या म्हणून दिलेली, आणि पोटाची वाट लागते म्हणून त्यांनी ती कपाटात ठेवून दिलेली. त्या मंगळवारपासून त्या सकाळच्या चहाबरोबर रोज एक घेऊ लागल्या. दुखत नसतानाही.

"आता काही दुखतंय का तुम्हाला?" मी विचारलं.

"दुखायचं काय त्यात? कर्करोगासाठी घेतेय," त्या म्हणाल्या. "तूच लिहिलंयस."

सासूबाईंनी ही माहिती जिन्यात सांगितली. आमच्या जिन्यात केलेल्या पाहणीनुसार शंभर टक्के स्त्रियांनी गोळी सुरू केली. (पाहणीत सहभागी स्त्रिया चार, त्यांपैकी एक कुणाची तरी पाहुणी होती आणि नंतर आपल्या गावी गेली.) शीर्षकात तो लाजिरवाणा शब्द नसल्यामुळे तळमजल्यावरच्या निवृत्त गृहस्थांनीही सुरू केली. त्यांना कुणी काही सांगितलं नाही, कारण सांगायचं तर तो शब्द उच्चारावा लागला असता.

याच सुमारास मला गाठ लागली. आंघोळ करताना, डाव्या बाजूला, वाटाण्याएवढी. दुखत नव्हती. बोटाखाली यायची, सरकायची नाही. मी गिझर बंद केला, अंग पुसलं, आणि ऑफिसला जाऊन मूत्रपिंडासाठी पाणी किती प्यावं यावर स्तंभ लिहिला.

इथं वाचकांना आमच्या पानावरच्या चौकटीची माहिती देणं आवश्यक आहे. एखादी जाहिरात ऐन वेळी गळाली की पानाच्या तळाशी भोक पडतं. ते बुजवायला मी फार पूर्वी एक चौकट लिहून ठेवली आहे. तिच्यात म्हटलंय, की नियमित तपासणी करून घ्या, आणि छातीत गाठ लागली, त्वचा आत ओढल्यासारखी दिसली किंवा आकारात बदल वाटला, तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. बहुतेक गाठी साध्या असतात, पण ते ठरवणं तुमचं काम नाही. पट्टीभाऊंच्या यादीत तिचं नाव 'भोकाची चौकट' असं आहे. आजवर ती कितीतरी वेळा छापली गेली असेल. माझ्या संपूर्ण कारकिर्दीत ज्याच्या उलट अभ्यास कधी आला नाही, असं तेवढंच एक लिखाण आहे. साहजिकच मी ते गंभीरपणे घेतलं नाही. भोक बुजवायला लिहिलेल्या मजकुरावर कुणी आपला जीव सोपवतं का?

मी नवऱ्याला काही सांगितलं नाही. कळलं असतं तर तो लगेच पायांत चपला घालून "चल" म्हणाला असता. असा माणूस अशा प्रसंगी काय कामाचा? मी प्रश्न अभ्यासाधीन ठेवला. दरम्यान माझी मान कायम दुखत असे (शीर्षकांवर वाकून वाकून), त्यामुळे गोळी मीही घ्यायचीच. ती आता मी दुहेरी हेतूनं घेऊ लागले. माझ्याच शीर्षकावर माझा विश्वास बसू लागला, आणि खरं सांगते, फार बरं वाटलं. आपण लोकांना एवढी वर्षं काय देत आलोय ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पण विज्ञान स्वस्थ बसत नाही. पुढे काही आठवड्यांनी दुसरा अभ्यास आला. त्यात याच प्रकारची गोळी दीर्घकाळ घेणाऱ्या काही स्त्रियांमध्ये प्रमाण कदाचित किंचित जास्त आढळलं होतं. पट्टीभाऊंना फार आनंद झाला. "बाई, फक्त शेवटचा शब्द बदलायचा. मांडणी तीच, फोटो तोच." आणि छापून आलं: 'वेदनाशामक गोळीने कर्करोग वाढतो'. पेला धरलेली बाई हसतच होती.

त्या मंगळवारी जिन्यातल्या सगळ्या गोळ्या बंद झाल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंना संधिवात होता आणि ती गोळी त्यांना खरोखरच लागत होती. त्यांनीही सोडली. दोन दिवसांनी त्या भाजीची पिशवी घेऊन मधल्या पायरीवर बसलेल्या दिसल्या. उठता येईना. मी हात दिला तेव्हा म्हणाल्या, "दुखतं खूप, पण तुमच्यामुळे वाचले हो." मी पिशवी उचलली. एवढं मनापासून कुणी आपले आभार मानत असताना मध्ये बोलणं बरं दिसत नाही.

तिसरा अभ्यासही आला होता. त्याचं म्हणणं, या दोन गोष्टींचा परस्परांशी ठळक संबंध दिसत नाही. संपादकसाहेबांनी कागद परत केला. "यात बातमी काय?" ते म्हणाले. खरं होतं. त्यात बातमी नव्हती.

आता माझी वैयक्तिक अडचण झाली. घेतली तर वाढतो, सोडली तर टळत नाही. मी शांतपणे विचार केला आणि दोन्ही अभ्यासांचा मान राखला जाईल असा तोडगा काढला: गोळी एक दिवस घ्यायची, एक दिवस सोडायची. घेण्याच्या दिवशी पोट जळे, सोडण्याच्या दिवशी मान धरे, आणि गाठ दोन्ही दिवशी तिथंच असे. मी रोज सकाळी बघायचे. ती वाढली असं कधी म्हणता आलं नाही, कारण काल केवढी होती हे आज आठवत नसे. आता ती वाटाण्याएवढी आहे की वाटाणाच मोठा झालाय, अशा प्रश्नात मी कितीतरी सकाळी घालवल्या. भीती वाटायची. फार वाटायची. आंघोळीला जायचं म्हटलं की मी आधी दुसरीच कामं काढायचे. पण भीतीचा स्तंभ आमच्या पानावर नाही, म्हणून मी तिचं काय करायचं ते ठरवू शकले नाही.

अखेर विज्ञानाची वाट पोटातून गेली. सासूबाईंनी गोळ्या सोडल्या तरी त्यांची जळजळ राहिली, आणि एका सकाळी त्या म्हणाल्या, "मला डॉक्टरीणबाईंकडे ने गं." नेणारी मी. त्या छोट्याशा खोलीत, वजनकाट्याशेजारच्या दोन खुर्च्यांवर आम्ही बसलो. डॉक्टरबाईंनी सासूबाईंचं पोट दाबलं आणि विचारलं, "ती गोळी रोज घेत होतात? एवढं दुखत होतं?"

"छे! दुखत कुठं होतं?"

"मग?"

"कर्करोग होऊ नये म्हणून."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. नातवाचा पहिला नंबर आल्यावर दाखवतात त्या अभिमानानं. "हिनं. पेपरात. मग परत हिनंच सांगितलं, वाढतो म्हणून, तेव्हा सोडली."

धरणीनं पोटात घ्यावं असं वाटण्याचे प्रसंग पूर्वीही आले होते, पण इतक्या उजेडात नव्हते. डॉक्टरबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग सासूबाईंना म्हणाल्या, "हे बघा आजी. गोळी दुखण्यासाठी असते. दुखेल तेव्हा, पोटात काही असताना, मी सांगेन तेवढी. कर्करोग टाळायला घ्यायची नाही आणि पेपर वाचून सोडायचीही नाही. त्या अभ्यासांचं अजून कुणालाच नक्की माहीत नाही."

"म्हणजे कदाचित?" मी म्हणाले. उगीचच.

"कदाचित," त्या म्हणाल्या. "आणि आजी, तपासणी करून घेता ना?"

"दरवर्षी," सासूबाई म्हणाल्या. "खाली चौकटीत लिहिलेलं असतं ना, ते वाचून. मी सगळं वाचते." आणि मग सहज, पर्स बंद करता करता, माझ्याकडे वळून, "तूही करतेस ना गं? तुझंच तर लिखाण."

मी तोंड उघडलं. हो म्हणायचं होतं. एक अक्षर, कुठल्याही ओळीत बसलं असतं. पण ते बाहेर पडेना. मी म्हणाले, "अधिक संशोधनाची गरज आहे," आणि मला रडू फुटलं.

सासूबाईंनी पर्स मांडीवरून खाली ठेवली. "कुठं?" त्यांनी विचारलं.

मी डावीकडे बोट दाखवलं. शब्द मला तिथंही उच्चारता आला नाही. आमच्या पेपरची कुटुंबवत्सल भाषा माझ्या हाडीमाशी मुरलेली आहे. डॉक्टरबाईंनी पडदा ओढला, तपासलं, चिठ्ठी लिहिली आणि फोन लावून त्याच दिवशीची वेळ घेतली. बाहेर आलो तर औषधांच्या खिडकीतून कुणीतरी विचारलं, "आजी, कुणाचं काय?" तेव्हा सासूबाई भरल्या खोलीत, खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सुनेच्या स्तनात गाठ आहे. तपासणी करायचीय. लवकर आटपा." आरोग्याचं पान वाचत बसलेल्या सगळ्या माना वर झाल्या. मग दोन बायका एकापाठोपाठ एक डॉक्टरबाईंच्या दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या. माझ्या पानानं एवढ्या वर्षांत एवढी हालचाल केली नव्हती.

त्याच दुपारी मॅमोग्राफी झाली. त्यात तुम्हाला दोन पट्ट्यांमध्ये धरून दाबतात. (पट्टीभाऊंची आठवण झाली; बसत नाही म्हणून कापतात तेव्हा मजकुराला काय वाटत असेल, हेही कळलं.) यंत्र चालवणाऱ्या बाईनं कागदावरचा माझा पेशा वाचला आणि श्वास रोखून धरायला सांगून, मी रोखलेला असतानाच विचारलं, "मॅडम, तुम्हीच का त्या? मग ती गोळी घ्यायची की सोडायची, एकदा सांगा ना नक्की." मला उत्तर देता आलं नाही. श्वास रोखला होता.

मग सुईनं तुकडा काढला, अहवाल आला. नवरा शेजारी बसला होता, पायांत चपला घालून. गाठ साधी नव्हती. शस्त्रक्रिया झाली, औषधं झाली, केस गेले आणि काही परत आले. सासूबाई आपले गुडघे घेऊन रोज दवाखान्याचे जिने चढल्या. दुखायला लागलं की गोळी घ्यायच्या, पोटात काही टाकून, सांगितली तेवढीच. मी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारलं, "मी वेळेत आले का?" त्यांनी कागद चाळले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "कदाचित."

तेवढाच शब्द. आता आमचं अख्खं घर त्या शब्दात राहतं. नवरा त्यात झोपतो, सासूबाई त्यात सकाळी चहा ठेवतात, आणि मी त्यात दर तीन महिन्यांनी तपासणीला जाते. शीर्षकात न बसणाऱ्या त्या शब्दात तीन माणसांचा संसार आरामात बसतो. पट्टीभाऊंना मी हे सांगितलं. त्यांनी बराच वेळ पट्टी हातात फिरवली आणि म्हणाले, "पुढच्या वेळी फोटो कापू आपण." अद्याप कापलेला नाही. ती बाई फार लोकप्रिय आहे.

प्रस्तुत मजकूर पट्टीभाऊंनीच लावलाय. तळाशी थोडी जागा उरली, म्हणून त्यांनी भोकाची चौकट टाकली आहे. मला कल्पना आहे की तुम्ही इथवर आलात ते माझ्या प्रकृतीच्या काळजीनं नव्हे. गोळी घ्यायची की सोडायची, हे शेवटी तरी सांगेन, या आशेनं तुम्ही वाचत राहिलात. सांगितलं; डॉक्टरबाईंनी मघाशीच सांगितलं, पण त्यात बातमी नव्हती, म्हणून तुमची नजर त्यावरून सरकली. चौकटीवरूनही सरकेल. या आठवड्यात तुम्हाला वेळ नाही, दुखत तर काहीच नाही, आणि घरात उगीच घबराट नको, हे मला माहीत आहे. मीही नेमकं हेच म्हणत होते. तर मग आता पान बघून झालं असेल, तर राशिभविष्य शेजारीच आहे.